कार्डात भरलेलं गाणं

२०२२च्या मे महिन्यात ॲपलनं आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि खिशातल्या संगीताचं पर्व संपल्याचे लेख ठिकठिकाणी छापून आले. संपलं ते महागड्या यंत्राचं पर्व. त्याचा गरीब भाऊबंद, म्हणजे काही शे रुपयांत मिळणारा, मेमरी कार्डावर चालणारा प्लेअर, आठवडी बाजारात टॉर्च, चार्जर आणि कुलपांच्या शेजारी अजूनही मांडलेला असतो. हाताच्या पंजाएवढा प्लास्टिकचा डबा, पुढे जाळी, वर एरियल, चार-सहा बटणं, बाजूला कार्डाची खाच. कोणत्याही कंपनीच्या इतिहासात त्याला जागा नाही आणि त्याच्या अंगावर छापलेल्या नावालाही फारसा अर्थ नसतो. तरीही त्याची दखल घ्यायला हवी. गाणं ऐकणाऱ्याच्या पूर्ण ताब्यात देणारं एवढं स्वस्त यंत्र आज दुसरं नाही. हा ताबा किती मोलाचा आहे आणि तो टिकवायला काय करावं लागतं, हे शहरापेक्षा सोनाळ्यासारख्या गावात जास्त स्पष्ट दिसतं.

बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. संत सोनाजी महाराजांचं हे गाव. उत्तरेला डोंगर सुरू होतो आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेलं अंबाबरवा अभयारण्य लागतं. जंगल इतकं जवळ असलं की रानडुक्कर आणि रोही पिकात येणारच. म्हणून या पट्ट्यात जागल, म्हणजे रात्री पिकाची राखण, हे शेतीचंच एक काम आहे. त्यात कृषिपंपांना वीज पाळीपाळीनं मिळते, रात्रीची पाळी आली की पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. अशा रात्री माणसाला दोन गोष्टी हव्या असतात: स्वतःला जागं ठेवणारा आवाज आणि शेतात माणूस आहे हे जनावराला कळवणारा आवाज. रेडिओ दोन्ही कामं करतो, पण आकाशवाणीची सभा रात्री कधीतरी संपते. मोबाइलची रेंज डोंगराकडे सरकावं तशी विरळ होते. कार्डावरचा प्लेअर मात्र बॅटरी उतरेपर्यंत वाजत राहतो. त्याला मनोरा लागत नाही, रिचार्ज लागत नाही, पासवर्ड लागत नाही. तो मचाणावर विसरला किंवा दवानं भिजला तरी घरातल्या एकुलत्या एका स्मार्टफोनचं नुकसान होत नाही.

या डब्यापर्यंतचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनी आकुंचित करण्याची पद्धत घडवली आणि १९९५मध्ये तिच्या फाइलींना एमपीथ्री हे नाव मिळालं. कानाला जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला, हे तिचं तत्त्व. सीडीवर एका सेकंदाच्या आवाजाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात, ते १२८वर आले. १९९८मध्ये कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आला, त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ आला. ध्वनिमुद्रिका कंपन्यांची संघटना रिओविरुद्ध न्यायालयात गेली आणि १९९९मध्ये हरली. आपण घेतलेलं गाणं आपल्या सोयीनं सोबत नेणं गैर नाही, ही भूमिका त्या निकालानं उचलून धरली. २०१७मध्ये फ्राउनहोफरनं एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रमही संपवला. एव्हाना दक्षिण चीनमधल्या झुहाईसारख्या शहरांतल्या कंपन्या कार्ड वाचणं, गाणं उलगडणं आणि रेडिओ पकडणं ही सगळी कामं एकाच चिपवर आणून ती अगदी किरकोळ किमतीत विकू लागल्या होत्या. आपल्या बाजारातला डबा हे त्या स्वस्ताईचं फळ.

डबा उघडला की आत आश्चर्य वाटावं इतकं थोडं सामान दिसतं: एक चिप, तिच्याशेजारी आवाज मोठा करणारी दुसरी, एक स्पीकर आणि बॅटरी. यातल्या कितीतरी डब्यांत बॅटरी असते ती नोकियाच्या साध्या फोनांची बीएल-५सी. ३.७ व्होल्टची, हजारेक मिलिअँपियर-अवरची ही चपटी बॅटरी कोट्यवधी फोनांत होती, त्यामुळे तिच्या नकला आजही तालुक्याच्या कुठल्याही मोबाइल दुकानात मिळतात. महागडे फोन बॅटरी आत चिकटवून बंद करतात. हा डबा मागचं झाकण सरकवून बॅटरी बदलू देतो. हीच गोष्ट कार्डाची. स्पीकर फाटला, डबा पडून फुटला, तरी कार्ड काढून दुसऱ्या डब्यात घातलं की तीच गाणी पुन्हा सुरू होतात. यंत्र मोडतं, संग्रह राहतो. महागड्या आयपॉडला हे जमत नव्हतं, कारण त्यात यंत्र आणि संग्रह एकजीव होते.

मात्र या डब्याचा एक हट्टी स्वभाव आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय त्याचा खरा परिचय होत नाही. हा प्लेअर गाणी नावाच्या क्रमानं वाजवत नाही. कार्डावर सुरुवातीला फाइलींची एक नोंदवही असते, तिच्यात बत्तीस-बत्तीस बाइटच्या ओळी असतात आणि जी फाइल आधी भरली तिची ओळ साधारणपणे आधी पडते. महागडे प्लेअर ही वही वाचून नावं अनुक्रमानं लावून घेतात. स्वस्त चिपकडे तेवढी स्मरणशक्ती नसते. ती वरून खाली वाचत जाते आणि त्याच क्रमानं वाजवते. सिनेगीतांना यानं काही फरक पडत नाही. पण शेगाव याच जिल्ह्यात असल्यामुळे या भागात कार्डावर हमखास भरलं जातं ते दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचं पारायण. त्याचे अध्याय एकवीस, आणि पारायणात क्रमाला पर्याय नाही. फाइलींना नुसते १, २, ३ असे आकडे दिले असतील तर अक्षरक्रमानं नावं लावणाऱ्या संगणकाच्या लेखी एकनंतर दहा येतो, मग अकरा. एकोणीसनंतर दोन, आणि दोनच्या मागून वीस. भरणाऱ्यानं सगळे अध्याय एका दमात ओढून टाकले की कार्डाच्या वहीत तोच उलटसुलट क्रम उतरू शकतो आणि पहिल्या अध्यायाच्या समाप्तीनंतर थेट दहावा सुरू होतो.

यातली गंमत आणखी खोल आहे. एखादा अध्याय खराब निघाला म्हणून पुसला आणि नवा भरला, तर तो रिकाम्या झालेल्या ओळीत बसतो, पण तेवढ्या ओळी तिथं लागोपाठ मोकळ्या असतील तरच. इंग्रजी आकड्यांत ०७ एवढंच नाव असेल तर एक ओळ पुरते. ‘अध्याय सातवा’ असं देवनागरीत लिहिलं की त्याच फाइलीला तीन ओळी लागतात, कारण लांब नावाचे तेरा-तेरा अक्षरचिन्हांचे तुकडे पाडून ते वेगळ्या ओळींत ठेवले जातात आणि काना-मात्राही त्यात स्वतंत्र मोजले जातात. म्हणजे नीट मराठी नाव देऊन सातवा अध्याय बदलला, तर तो वहीच्या तळाशी, एकविसाव्यानंतर जाऊन बसू शकतो. उपाय मात्र सोपा आहे: कार्ड पूर्ण रिकामं करून घ्यायचं, ०१ ते २१ असे दोन अंकी आकडे द्यायचे आणि त्याच क्रमानं भरायचं. हे ठाऊक असलेला गाणी भरून देणारा दुकानदार आणि ठाऊक नसलेला दुकानदार यांच्यातला फरक म्हणजे लागलेलं पारायण आणि विस्कटलेलं पारायण. या कारागिरीला कोणी कारागिरी म्हणत नाही, म्हणायला हवं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं मोबाइलवर होतं, मग वेगळा डबा कशाला? २०१६च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला, यूट्यूबवर हवं ते भजन मिळतं, हे खरंच आहे. पण यूट्यूबवरचं गाणं आपल्याकडे नसतं. ते दुसऱ्याच्या मर्जीनं तिथं असतं आणि एक दिवस दिसेनासं होतं. महिन्याच्या वर्गणीवर मिळणारी गाणी वर्गणी थांबताच थांबतात. शिवाय फोन एका माणसाचा असतो, डबा घराचा असतो. ज्या आजीला फोनच्या काचेवर बोट फिरवणं जमत नाही तिला फुगीर बटण अंधारातही सापडतं. दुसरा आक्षेप असा की सोयच हवी तर सारेगामाचा कारवां आहेच. २०१७मध्ये तो आला तेव्हा सहा हजारांच्या आसपास किंमत आणि आत पाच हजार गाणी असा तो सौदा होता आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. यंत्र उत्तम आहे, पण त्यातली निवड कंपनीच्या भांडारातली. त्या भांडारात लता मंगेशकर आहेत, सोनाळ्याचं भजनी मंडळ नाही. कारवांलाही बाहेरून पेन ड्राइव्ह लावता येतोच. पण तेवढ्यासाठी सहा हजार कोण मोजणार? मालकीचा प्रश्न आला की स्वस्त डबाच पुढे येतो.

तिसरा आक्षेप आवाजाचा आहे आणि तो खरा आहे. आकुंचनाची कसोटी अचानक फुटणाऱ्या टणक आवाजावर लागते. शांततेनंतर एकदम ठोका आला की एमपीथ्रीत त्या ठोक्याची खरखर ठोक्याच्या किंचित आधीच पसरते, कारण ही पद्धत आवाजाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा एकत्र हिशेब करते. विदर्भाचं दुर्दैव असं की त्याचं लाडकं वाद्यच या दुबळ्या जागेवर येतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी असो की अकोटकडच्या सत्यपाल महाराजांच्या सात खंजिऱ्या, थापेची धार आणि झांजांची किणकिण हाच त्यांचा प्राण. जागा वाचवण्यासाठी ६४ किलोबिटवर भरलेल्या फाइलीत ती किणकिण वाळू चाळल्यासारखी ऐकू येते. पण हा दोष डब्याचा कमी आणि भरण्याच्या घाईचा जास्त. १२८ किलोबिटनं एका मिनिटाला जेमतेम एक मेगाबाइट लागतो. ४ जीबीच्या कार्डात सत्तरएक तास मावतात. इतकी जागा असताना खंजिरीची धार घालवण्याचं कारण नाही. १९२ किलोबिटनं भरलं तरी पंचेचाळीस तास मावतात.

खरी काळजी पुढे आहे. बाजारातल्या अनेक कार्डांत फसवणूक असते: वर ३२ जीबी छापलेलं, संगणकालाही तेवढंच दाखवणारं, पण आत चारच जीबीची चिप. चार जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, पुढचं भरलेलं हवेत जातं किंवा आधीचं पुसून टाकतं, आणि हे कळतं महिन्यांनी. खरं कार्डही अमर नसतं. त्यातली माहिती म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार; तो हळूहळू गळतो आणि उष्णतेत लवकर गळतो. अकोला-बुलडाण्याच्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. डब्याची लिथियम बॅटरीही याच उन्हात फुगते. फुगलेली बॅटरी दाबून झाकण बसवणं धोक्याचं आहे, ती लगेच बदलायला हवी.

त्याहून अवघड प्रश्न हक्काचा. दुकानात शंभर रुपयांत भरून मिळणारी गाणी बहुतेक विनापरवाना असतात आणि त्यांचा एक पैसाही गायकाला जात नाही. लोकांना परवडत नाही म्हणून ते क्षम्य ठरत नाही, कारण ज्याचं नुकसान होतं तो बहुधा तितकाच गरीब शाहीर किंवा कीर्तनकार असतो. यावर कायद्याच्या धाकापेक्षा चांगला मार्ग कलावंतांच्या हाती आहे. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटनं प्रादेशिक गायकांना बाजार दिला होता. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत गेले ते कॅसेटवरूनही. आज कीर्तनकारानं नीट क्रम लावलेलं, चांगल्या दर्जाचं कार्ड स्वतः कीर्तनाच्या मांडवात विकलं, तर घेणाऱ्याला खात्रीचा माल मिळेल आणि पैसे योग्य हातात पडतील.

आणि सर्वांत मोठी हानी त्या आवाजांची, जे कुणीच विकत नाही: गावच्या भजनी मंडळाचा हरिपाठ, लग्नघरातली गाणी, डोंगरातल्या कोरकू वस्त्यांवरची गाणी. मोबाइलवर रेकॉर्ड होऊन ती एखाद्या कार्डावर येतात आणि बहुधा त्या एकाच कार्डावर राहतात. कार्ड गेलं की आवाज गेला. असं जपायचं काम मराठीत झालेलंच नाही असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्यांतल्या काहींची ध्वनिमुद्रणं आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकता येतात. पण असा प्रकल्प प्रत्येक गावाच्या वाट्याला येणार नाही. गावाला जे करता येतं ते मात्र आवाक्यातलं आहे. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली सार्वजनिक वाचनालयं गावोगाव आहेत. अशा वाचनालयानं गावच्या ध्वनिमुद्रणांची एक प्रत संगणकावर आणि दुसरी कपाटातल्या हार्ड डिस्कवर ठेवावी. गाणारा कोण, कधी, कुठे गायलं, हे वहीत लिहावं. गाणाऱ्याची परवानगी घ्यावी. दरवर्षी उन्हाळा सरला की प्रती उघडून तपासाव्यात. यासाठी यंत्रणा लागत नाही, एक जबाबदार माणूस लागतो. कंपनी हे करणार नाही, कारण यात तिला विकण्यासारखं काही नाही. स्वस्त प्लेअरनं गाण्याची मालकी शेतातल्या माणसापर्यंत आणून ठेवली आहे. ती मालकी एका पिढीपुरती राहू नये असं वाटत असेल, तर दुसरी प्रत आज काढायला हवी.