डोंगर उतरला की तलाव लागतो

नोव्हेंबरच्या सकाळी आंबागडाच्या तटावर उभे राहिले की खाली आधी दोनच रंग दिसतात. कापणीला आलेल्या धानाचा पिवळा आणि जंगलाचा मळकट हिरवा. ऊन वर चढते, धुके विरते आणि मग तिसरा रंग उघडतो, पाण्याचा. एक तलाव, त्याच्या खाली बोडी म्हणजे छोटे तळे, पलीकडे आणखी एक तलाव. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा का म्हणतात, हे नकाशा पाहून कळत नाही इतके या तटावरून कळते.

‘भंडाऱ्यात कुठे आला डोंगर?’ हा प्रश्न मी नागपुरातही ऐकतो आणि भंडाऱ्यातही. विदर्भातली ट्रेकची हौस असलेली मुले रात्रीची गाडी धरून नाशिक-पुण्याकडे जातात. कळसूबाईची १,६४६ मीटर उंची त्यांना तोंडपाठ असते. त्यांनी जावेच, सह्याद्री पाहण्यासारखाच आहे. पण तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरवरचा आंबागड त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसतो, याचे मला वाईट वाटते. आपल्या ताटातला भात ज्या पाण्यावर पिकतो ते पाणी याच डोंगरांवरून येते. एवढ्या कारणासाठी तरी प्रत्येकाने हे डोंगर एकदा पायी चढावेत.

दगड वेगळा, म्हणून वाट वेगळी

सह्याद्री बेसॉल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक बसत गेले, त्यातून त्याचे सरळ कडे आणि माच्या घडल्या. भंडाऱ्याच्या डोंगरांचा खडक याहून कितीतरी जुना आहे. शंभर कोटी वर्षांच्या आणि त्याहूनही मागच्या काळातला हा रूपांतरित खडक दाबाखाली वळला, उष्णतेने भाजला आणि त्यानंतर ऊन-पावसाने झिजला. याच जिल्ह्यातल्या साकोलीचे नाव तर भूविज्ञानाच्या पुस्तकांत ‘साकोली शैलसमूह’ म्हणून कायमचे नोंदले गेले आहे.

चालणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. इथे छातीवर येणारा कडा फारसा नसतो. गोलाकार धोंडे, सुटा मुरूम आणि त्यावर सागाच्या वाळलेल्या पानांचा थर असतो. पानांखालचा खडा दिसत नाही आणि पाय घसरतो तो उतरताना. म्हणून उतारावर पाऊल आडवे टाकावे, हातात काठी ठेवावी. एकदा चढावर बुटाची नाडी बांधायला मी खाली बसलो. जमिनीला टेकवलेला तळहात उचलून पाहिला तर त्यावर बारीक चंदेरी चकाकी उठली होती. ते अभ्रक होते. सह्याद्रीच्या मातीत हात घालून अशी चांदी हाताला लागत नाही.

याच पट्ट्यात, तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या खडकाला जगभर ‘गोंडाइट’ म्हणतात. एल. एल. फर्मोर या भूवैज्ञानिकाने ते नाव इथल्या गोंड लोकांवरून दिले. रस्त्याकडेचा काळा दगड उचलून पाहा. आकाराच्या मानाने तो फार जड लागतो आणि बोटांना काळे लावून जातो.

आंबागड : अर्ध्या दिवसाचा गड

आंबागड साधारण १७०० च्या सुमाराचा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजा खान पठाण याने तो बांधला. नागपूर शहर वसवले तेही याच बख्त बुलंदाने. पुढे भोसल्यांच्या काळात गडाचा उपयोग कैदखाना म्हणून झाला. आतल्या विहिरीचे दूषित पाणी पाजून कैद्यांचा अंत केला जाई, अशी आख्यायिका ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरनेही नोंदवली आहे. ती किती खरी हे ठरवता येत नसले तरी तिच्यातून एक व्यवहाराचा धडा नक्की घ्यावा. गडावर पाणी मिळेल या भरवशावर चढू नये. आपले पाणी आपल्या पाठीवर असावे.

सकाळी नऊला पायथ्यापासून निघालात तर तट, बुरूज, आतला भाग शांतपणे पाहून दुपारच्या जेवणाला खाली येता. दरवाज्यात थोडे थांबा. ऊन सोडून आत पाऊल टाकताच गारवा अंगाला लागतो आणि दगड रचणाऱ्या हातांचे कसब जवळून दिसते. बुरुजाच्या सांध्यात उगवलेल्या पिंपळाची मुळे तो दगड हळूहळू उचलत असतात. अशा भिंतीवर चढून फोटो काढणे जिवावर बेतू शकते आणि गडाचेही नुकसान करते.

मधमाश्यांची भीती सर्वांत खरी. तट आणि उंच झाडे ही आग्या माश्यांची आवडती जागा. अत्तर लावून जाऊ नये, विडी-सिगारेट पेटवू नये, पोळे दिसले तर आवाज न करता मागे फिरावे. माश्या उठल्याच तर डोके आणि तोंड कापडाने झाकून दूर पळावे, हात झाडत उभे राहू नये.

पोहा : आपली जुनी पदयात्रा

पाठीवर बोचके बांधून डोंगर चालणे हे विदर्भाने बाहेरून घेतलेले नाही. आंबागडाच्याच डोंगररांगेत गायमुख आहे. गोमुखातून झरणारे पाणी आणि महादेवाचे ठाणे. महाशिवरात्रीला गावोगावचे ‘पोहे’ इथे येतात. महादेवाला निघालेल्या भाविकांच्या जथ्याला आपल्याकडे पोहा म्हणतात. पुढे त्रिशूळ धरलेला म्हातारा, मागे बायका-पोरे, डोक्यावर शिदोरी आणि तोंडी ‘हर बोला हर हर महादेव’. पोह्यात लहान मूल मागे पडले तर सगळा जथा थांबतो. गटाने चालण्याचा हा पहिला नियम आज ट्रेकच्या प्रशिक्षणात शिकवावा लागतो. आपल्या आजीला तो माहीत होता.

ज्यांना मोठा प्रवास हवा ते पचमढी गाठतात. महाशिवरात्रीला चौरागडावर मोठमोठे त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढणाऱ्यांत विदर्भातले लोक फार असतात. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत तिथली नागद्वारची वाट उघडते. भर पावसात दऱ्या उतरत, ओढे ओलांडत, घाट चढत लोक जातात. वर्षभर बंद असणारी ती जंगलवाट तेवढ्या दिवसांपुरतीच खुली होते. खरे बॅकपॅकिंग पाहायचे असेल तर ते इथे पाहा. खांद्यावर चादर, पिशवीत फुटाणे, सोबत गावातली माणसे.

आजचे पूर्व विदर्भातले तरुण महागड्या बॅगा घेऊन बाहेर पडतात, त्यात गैर काही नाही. मात्र ही परंपरा आपली आहे, हे त्यांना ठाऊक असावे.

पाणी कुठून कुठे जाते

भंडाऱ्यात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. डोंगरावर झाड नसते तर तो मातीसकट वैनगंगेत निघून गेला असता. झाडाची पाने थेंबाचा मार कमी करतात, खालचा पाचोळा पाणी धरून ठेवतो, मुळे ते जमिनीत मुरवतात. उरलेले पाणी नाल्याने पायथ्याशी येते आणि तिथे त्याची वाट पाहत असतो तलाव.

हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा. पायथ्याचा उतार हेरून मातीची पाळ घालायची, एका तलावाचा सांडवा दुसऱ्या तलावाकडे वळवायचा आणि खालच्या बांध्यांत धान पिकवायचे, ही विद्या त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. मालगुजारी पद्धत १९५१ मध्ये संपली, तलाव सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’चे लोकांनी ‘मामा तलाव’ केले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पुष्कळ गाळाने उथळ झाले. त्यांच्यावर पोट असलेले ढिवर मासेमार आणि टोकाच्या बांध्यांचे शेतकरी, दोघांनाही त्याची झळ बसली.

म्हणून माझी विनंती अशी की डोंगर चढून आल्या वाटेने गाडीत बसू नका. नाल्याच्या कडेने खाली या. वर पाचोळ्यात ओल कुठे धरली आहे ते हाताने तपासा. मग पहिल्या तलावाच्या पाळीवर बसून डबा उघडा. वरचे जंगल तुटले तर हा तलाव गाळाने का भरतो, हे तिथे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

कुठे चालायचे, कुठे नाही

जिल्ह्यातले सगळे जंगल पायी फिरण्यासाठी नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला. भंडाऱ्याजवळचे कोका अभयारण्य त्याचाच भाग. पवनी तालुक्यातले जंगल उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आहे. या क्षेत्रांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवान्याशिवाय शिरणे गुन्हा आहे. तिथे ठरलेल्या गेटमधून, वाहनाने आणि मार्गदर्शकाबरोबरच जावे. साकोलीकडून नागझिऱ्याला जायचे तर पिटेझरीचे गेट आहे.

पायी चालायला आंबागड आणि गायमुख आहेतच. तुमसर तालुक्यातच चांदपूरची टेकडी आहे. वर हनुमानाचे मंदिर, खाली विस्तीर्ण जलाशय. भंडाऱ्याजवळ वैनगंगेकाठी कोरंभीची देवीची टेकडी मुलांच्या पहिल्या चढाईला चांगली. पवनीच्या जगन्नाथ टेकडीला उंची फारशी नाही, पण तिथल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. दोन दिवस असतील तर तुमसरला उतरून पहिल्या दिवशी आंबागड-गायमुख आणि दुसऱ्या दिवशी चांदपूर करावे. मुक्काम गावात करावा. जंगलात परवानगीवाचून तंबू ठोकू नये.

अभयारण्याची सीमा वाघाला ठाऊक नसते. या भागातून तो एका जंगलातून दुसऱ्या जंगलात ये-जा करतो. म्हणून पहाटे आणि सांजेला रानवाटेवर नसावे, एकट्याने जाऊ नये, गावातला एक माणूस सोबत घ्यावा आणि त्याच्या दिवसाचा मोबदला ठरवून द्यावा. तो ‘आज या बाजूने नको’ म्हणाला तर वाद घालू नये.

पाठीवर काय, निघायचे कधी

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चपासून ऊन तापते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा डोंगर टाळावा. पावसाळ्यात, विशेषतः जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरात, विजेचा धोका मोठा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनवर घ्यावे. गडगडाट ऐकू आला की माथा सोडावा, एकट्या उंच झाडाखाली थांबू नये.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरतात. पाच किलोमीटरला एक तास, शिवाय ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या उन्हात आणि पाचोळ्यात यात निम्मा वेळ जास्त धरावा.

माणशी तीन लिटर पाणी, गूळ-फुटाणे, मुरमुरे, पोळी-भाजी, मीठ-साखरेची पुडी, पूर्ण बाह्यांचे कपडे, घोट्यापर्यंतचा बूट, शिटी, विजेरी. गवतात बसायचे तर आधी अंथरावे. गवतातल्या सूक्ष्म किडीच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफसने २०१८ मध्ये विदर्भात माणसे दगावली. ट्रेकनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे जरूर सांगावे. साप चावला तर कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला अवयव न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, वनविभागासाठी १९२६.

विस्तव पेटवू नये, हे सर्वांत शेवटी आणि सर्वांत ठासून सांगतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम. एका ठिणगीने पाचोळा जातो आणि त्याबरोबर पाणी धरणारा थरही जातो. मार्च-एप्रिलात मोहाच्या झाडाखाली फुले वेचण्यासाठी झाडून ठेवलेली जागा दिसली तर ती तुडवू नका. त्यावर एखाद्या घराची वर्षाची मीठमिरची अवलंबून असते.

या हिवाळ्यात एक रविवार काढा. घरातल्या शाळकरी मुलाला सोबत घ्या, आंबागड चढा आणि उतरून तलावाच्या पाळीवर या. तिथे त्याला एकच विचारा, हे पाणी कुठून आले? त्याने डोंगराकडे बोट दाखवले की समजा, तुमची सहल पुरी झाली.