जनुक आहे, पण किती चालते? – सहा दशकांचा मागोवा

एखाद्या पिकात अमुक जनुक घातले आहे, असे आपण सहज बोलून जातो. ते जनुक प्रथिन किती तयार करते, झाडाच्या कोणत्या भागात करते आणि कोणत्या वयापर्यंत करते, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्यांची उत्तरे बऱ्याच अंशी जनुकाच्या बांधणीत असतात. हे उलगडायला शास्त्रज्ञांना सहा दशके लागली आणि त्या वाटेवरचा एक टप्पा आपल्या कपाशीच्या शेतात आहे.

सुरुवात झाली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. १९६१ साली फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी ई. कोलाय या जिवाणूत दुधातली साखर पचवणाऱ्या जनुकांचा अभ्यास मांडला. साखर नसेल तेव्हा ही जनुके जवळजवळ बंद असतात, आणि त्यांना बंद-चालू करणारा डीएनएचा छोटा तुकडा त्यांच्या शेजारीच असतो. म्हणजे जनुकाला मजकूर असतो तसे नियंत्रणही असते, आणि ते डीएनएमध्येच लिहिलेले असते. १९६५ चे नोबेल त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्याबरोबर मिळाले. पुढे बरीच वर्षे जनुक म्हणजे नियंत्रक तुकडा आणि त्यामागे सलग मजकूर, असेच चित्र डोळ्यांसमोर होते.

ते चित्र १९७७ मध्ये मोडले. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना अडिनोव्हायरस या विषाणूची जनुके तुटक आढळली. प्रथिनाची माहिती देणाऱ्या एक्सॉनच्या मध्ये इन्ट्रॉन नावाचे असे पट्टे होते, जे आरएनए, म्हणजे जनुकाची संदेशप्रत, तयार झाल्यावर कापून टाकले जातात. चारच वर्षांनी झुरिकमध्ये बानर्जी, रुस्कोनी आणि शाफ्नर यांनी एसव्ही ४० या विषाणूचा एक आखूड तुकडा ग्लोबिनच्या जनुकाजवळ जोडला, तेव्हा त्या जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे चालण्याचे प्रमाण, सुमारे दोनशे पटींनी वाढले. तुकडा दूर ठेवला किंवा उलटा लावला तरी परिणाम टिकत होता. असे वर्धक तुकडे पुढे असंख्य जनुकांत सापडले. मजकुरातले एक अक्षरही न बदलता उत्पादन शेकडो पटींनी वाढू शकते, हे तेव्हा सिद्ध झाले.

मग लक्ष खुद्द मजकुराकडे वळले. प्रथिनातल्या २० अमिनो आम्लांसाठी ६१ कोडॉन, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे शब्द, आहेत. त्यामुळे एकच प्रथिन अगणित प्रकारे लिहिता येते. जपानचे तोशिमिची इकेमुरा यांनी १९८१ मध्ये दाखवले, की ई. कोलायमधली जोमाने चालणारी जनुके ठरावीक कोडॉनच वापरतात, आणि नेमके तेच कोडॉन वाचणारे टी-आरएनए पेशीत मुबलक असतात. १९८७ मध्ये मक्याच्या पेशींवरील प्रयोगात आणखी एक धक्का बसला. कॅलिस, फ्रॉम आणि वॉल्बॉट यांनी जनुकात इन्ट्रॉन ठेवला, तेव्हा उत्पादन कितीतरी पटींनी वाढले. जो भाग शेवटी कापून फेकला जातो, तोच उत्पादन वाढवत होता.

याच वर्षी बेल्जियममधल्या गेंटच्या शास्त्रज्ञांनी बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, या जिवाणूचे जनुक तंबाखूत घातले. झाड अळीला मारू लागले, पण विषारी प्रथिन तयार होत होते अगदी थोडे. जिवाणूचे पूर्ण जनुक वनस्पतीत जेमतेम चालायचे. कारण बांधणीत होते. बीटीच्या जनुकात डीएनएची ए आणि टी ही अक्षरे भरमसाट. त्यातले काही क्रम वनस्पतीची पेशी ‘संदेश इथेच संपवा’ अशी खूण समजते, तर काही क्रमांमुळे आरएनए लवकर नष्ट होतो. शिवाय जिवाणूच्या पसंतीचे कोडॉन वनस्पतीला फारसे रुचत नाहीत. १९९१ मध्ये फ्रेडरिक पर्लाक आणि सहकाऱ्यांनी प्रथिन तेच ठेवून जनुकाचा मजकूर नव्याने लिहिला. जी आणि सी यांचे प्रमाण ३७ वरून ४९ टक्क्यांवर गेले आणि तंबाखू व टोमॅटोत प्रथिन शंभर पटींपर्यंत वाढले. बीटी पिके बाजारात आली ती या पुनर्लेखनाच्या जोरावर.

२६ मार्च २००२ रोजी भारतात बीटी कपाशीला मंजुरी मिळाली, ती जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना. त्यातल्या क्राय-१-एसी या बीटी जनुकापुढे फुलकोबीवरच्या एका विषाणूचा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा नियंत्रक तुकडा, बसवलेला होता. वनस्पतीच्या बहुतेक सर्व भागांत सतत काम करणारा, अशी त्याची ख्याती. प्रत्यक्षात काय घडते, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी मोजले. २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेले त्यांचे निष्कर्ष डोळे उघडणारे होते. वाणागणिक विषाची मात्रा वेगळी होती. पानांत ती सर्वाधिक होती, तर बोंडअळी जिथे खरे नुकसान करते, त्या फुलाच्या बीजकोशात आणि बोंडाच्या सालीत सर्वांत कमी. झाड वाढेल तशी मात्रा घटत गेली आणि सुमारे ११० दिवसांनंतर घातक पातळीच्या खाली आली. जनुक तेच, प्रमोटर तोच, तरी वाण, अवयव आणि वय यांनी हिशेब बदलला. अर्धवट मात्रेत अळी तग धरते आणि प्रतिकारक्षम अळ्यांना वाव मिळतो, म्हणून हा हिशेब शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे.

दरम्यान सरसकट नियम शोधण्याचे प्रयत्न चालू होते. माणसात जास्त चालणाऱ्या जनुकांचे इन्ट्रॉन सरासरीने चौदा पट आखूड असतात, असे २००२ मध्ये दिसले. आटोपशीर जनुक स्वस्तात चालते, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण २००६ मध्ये भात आणि अराबिडॉप्सिस या वनस्पतींत नेमके उलटे आढळले. तिथे जास्त चालणारी जनुकेच लांबलचक होती. कोडॉनच्या नियमाचेही तसेच झाले. २००९ मध्ये कुड्ला आणि सहकाऱ्यांनी हिरव्या चकाकत्या प्रथिनाचे जनुक १५४ प्रकारे लिहून ई. कोलायमध्ये घातले. प्रथिन सर्वांतून एकच यायचे, पण त्याच्या प्रमाणात २५० पटींचा फरक पडला. तो पसंतीच्या कोडॉनवरून नव्हे, तर आरएनएच्या सुरुवातीचा भाग किती घट्ट दुमडतो, यावरून अधिक समजत होता. सुरुवातच गुंडाळलेली असेल, तर प्रथिन बांधणाऱ्या रायबोसोमला पकड घेता येत नाही.

हे सगळे ज्ञान कोविडच्या काळात एमआरएनए लशींत कामाला आले. कोडॉनची निवड आणि संदेशाच्या दोन्ही टोकांचे क्रम यांवर लशीचा जोर बराचसा अवलंबून असतो. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. तिच्या आरएनएमध्येच त्याच्या प्रती काढणाऱ्या यंत्रणेचीही माहिती आहे. त्यामुळे थोड्या संदेशातून बरेच प्रथिन तयार होऊ शकते.

सहा दशकांतून एक गोष्ट पक्की झाली आहे. जनुकाची बांधणी उत्पादन ठरवते, पण कोणती बांधणी चांगली हे जीव, अवयव आणि वय पाहूनच सांगता येते. जिवाणूचा नियम वनस्पतीला लागू पडत नाही, माणसाचा भाताला नाही. म्हणून नव्या जनुकीय बियाण्याची चर्चा निघेल, तेव्हा ‘जनुक आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या अवयवात, पेरणीनंतर किती दिवसांपर्यंत आणि किती मायक्रोग्रॅम, हे आकडे कंपनीकडे मागावेत, आणि ते आपल्याच मातीत, आपल्याच वाणांवर मोजलेले असावेत.