रंगांनी मोजलेली लांबी

अकोल्यातली पोरं आयटीआय करून सिन्नर, सातपूर किंवा चाकणच्या कारखान्यांत लागतात, तेव्हा त्यांची मायक्रॉनशी गाठ पडते. डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. शाफ्टचा व्यास दहा मायक्रॉननी चुकला तरी जॉब रिजेक्ट होऊ शकतो. तो व्यास मोजणारा मायक्रोमीटर स्लिप गेजवर तपासतात. मग स्लिप गेज कशावर तपासायचा? हा प्रश्न वर वर नेत गेलं, की शेवटी पट्टी संपते आणि प्रकाश उरतो.

स्लिप गेज म्हणजे पोलादाचा आयताकृती ठोकळा, समोरासमोरच्या दोन बाजू लकाकेपर्यंत घासलेल्या. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांना १८९६ मध्ये अशा ठोकळ्यांच्या संचाची कल्पना सुचली. दोन ठोकळे स्वच्छ पुसून एकमेकांवर आडवे ठेवायचे आणि हलका दाब देत फिरवायचे. ते असे चिकटतात, की वरचा उचलला तर खालचा सोबत येतो.

प्रयोगशाळेत हा ठोकळा तितक्याच गुळगुळीत, सपाट पाटावर चिकटवतात आणि वरून एकरंगी प्रकाश सोडतात. ठोकळ्याच्या माथ्यावरून आणि पाटावरून परतलेला प्रकाश एका तिसऱ्या, ठरीव आरशावरून आलेल्या प्रकाशात मिसळतो. काळे-उजळ पट्टे उमटतात. मात्र ठोकळ्यावरचे पट्टे पाटावरच्या पट्ट्यांशी सलग नसतात, कडेशी ते तुटून सरकलेले दिसतात. एका पट्ट्याचा कितवा हिस्सा सरकले, तेवढं वाचायचं.

खरी गंमत इथून पुढे आहे. वाचता येतो तो फक्त अपूर्णांक. एक पूर्ण पट्टा म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा एक टप्पा. हेलियम-निऑन लेसरच्या लाल प्रकाशाची अर्धी तरंगलांबी ०.३१६ मायक्रॉन, म्हणजे १० मिलिमीटरच्या ठोकळ्यात तसे साडेएकतीस हजारांहून जास्त टप्पे मावतात. पूर्ण टप्पे नेमके किती, ते लाल रंग सांगत नाही. म्हणून त्याच ठोकळ्यावर हिरवा सोडायचा, त्याचा टप्पा ०.२७२ मायक्रॉनचा. आता लांबी अशी हवी, की लालचा अपूर्णांकही जुळेल आणि हिरव्याचाही. लालचे सहा आणि हिरव्याचे सात टप्पे जवळजवळ सारखे भरतात, सुमारे १.९ मायक्रॉन. म्हणजे दोन्ही अपूर्णांक एकत्र जुळण्याची पुढची जागा तितकी लांब जाते. साध्या तुलनायंत्राने लांबी आधी अर्ध्या मायक्रॉनपर्यंत कळलेली असली, तर उत्तर एकच उरतं. तिसरा रंग घेतला तर आधीचा अंदाज आणखी ढिला चालतो. शंभर वर्षांहून जुनी ही युक्ती मला मोजमापातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते: एकही टप्पा न मोजता हजारो टप्प्यांचा हिशेब लागतो.

अल्बर्ट मायकेलसन यांनी १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्ह्र इथे कॅडमियमच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रेषा घेऊन मीटर मोजला. लाल रेषेच्या १५,५३,१६३.५ तरंगलांबी भरल्या. १९६० मध्ये क्रिप्टॉन-८६ च्या तरंगलांबीवरूनच मीटरची व्याख्या झाली. १९८३ पासून ती प्रकाशाच्या वेगावर आहे.

प्रकाश चोख असला तरी हवा चोख नसते. आपल्या कळसूबाईचंच उदाहरण घ्या. १,६४६ मीटर उंचीच्या त्या शिखरावर २० अंश तापमानाची खोली उभारली आणि हवेचा दाब समुद्रसपाटीचाच धरून १०० मिलिमीटरचा ठोकळा मोजला, तर विरळ हवेत तरंगलांबी वाढल्यामुळे उत्तर जवळजवळ पाच मायक्रॉननी चुकेल. म्हणून पट्ट्यांसोबत दाब, तापमान, आर्द्रताही नोंदवावी लागते. पोलादाचं तापमान तर आणखी नाजूक प्रकरण. त्याच ठोकळ्याला एक अंश ऊब लागली, की तो एक मायक्रॉनहून जास्त वाढतो. हाताची ऊबसुद्धा पुरते, त्यामुळे ठोकळा पाटावर चिकटवल्यावर निवू देतात आणि मगच वाचन घेतात.

भारतात लांबीचं राष्ट्रीय मानक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे, तेही आयोडीनच्या साहाय्याने स्थिर केलेल्या लेसरच्या रूपात. सिन्नरच्या शॉपमधला संच सहसा थेट प्रकाशाखाली जात नाही. कॅलिब्रेशन लॅबमध्ये त्याची तुलना वरच्या दर्जाच्या संचाशी होते आणि त्या संचाची साखळी वर जाऊन लेसरला मिळते. लॅबच्या दाखल्यावर ठोकळ्याच्या लांबीशेजारी '±' लावून एक लहान आकडा छापलेला असतो. साखळीतल्या प्रत्येक कडीची शंका त्यात मिळवलेली असते.