रिव्हेट गेले, खरेदीचे काय?

जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यांवरचे तांब्याचे रिव्हेट. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी त्याचे पेटंट १८७३ साली घेतले. पुढे जवळपास दीड शतकाने, जुलै २०१९मध्ये, वस्तूंचा फेरवापर वाढावा यासाठी काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशनने 'जीन्स रीडिझाइन' उपक्रमाची नियमावली जाहीर केली आणि सांगितले, की हे रिव्हेट काढा, निदान अगदी कमी करा.

या नियमावलीमागे फाउंडेशनचाच २०१७चा अहवाल होता. कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी एक टक्काही फिरून नव्या कपड्यात येत नाही, असे त्यात म्हटले होते. नियम ठरवायला डेनिममधले चाळीसहून अधिक जाणकार एकत्र बसले. त्यांत ब्रँड होते, कारखानदार होते आणि जुने कपडे गोळा करून निवडणारेही होते. मला यातले शेवटचे नाव सर्वांत महत्त्वाचे वाटते. कपडा शेवटी ज्याच्या हातात पडतो, त्याला डिझाइनच्या वेळी कुणी विचारत नसे.

जुन्या जीन्सपासून पुन्हा तंतू काढताना, रिव्हेट असला की त्याच्याभोवतीचे चांगले कापडही कापून टाकावे लागते. त्याच्या जागी घट्ट बारटॅक शिलाई मारली, तर खिसा टिकतो आणि कापड वाचते. दुसरी अडचण स्ट्रेचची. कापसात मिसळलेला थोडासा इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा तंतूही, या प्रक्रियेत त्रास देतो. म्हणून कापडात वजनाने किमान ९८ टक्के कापूस किंवा तत्सम वनस्पतिजन्य तंतू हवेत, असा नियम झाला. जीन्सने घरच्या किमान ३० धुलाया सोसाव्यात, हीही अट होती. वाळूचा मारा करून कापड विटके करायलाही नियमावलीत मनाई झाली. २०२१पर्यंत या नियमांनुसार पाच लाखांहून अधिक जीन्स तयार झाल्या. एकमेकांचे स्पर्धक एका नियमावलीवर आले, हे या काळाचे खरे यश.

पण फेरवापराची सोय केली म्हणजे काम झाले, असे नाही. स्वीडनमधल्या रिन्यूसेल कंपनीने सुंड्सव्हाल इथे जुन्या सुती कपड्यांपासून लगदा करण्याचा मोठा कारखाना २०२२मध्ये सुरू केला. त्या लगद्यातून व्हिस्कोससारखे तंतू निघतात. नावाजलेल्या ब्रँडनी कौतुक केले, पण पुरेशा ऑर्डर आल्या नाहीत. हा लगदा ब्रँड थेट घेत नाहीत, तंतू बनवणारे घेतात. ते नेहमीच्या लाकडी लगद्याहून जादा पैसे देणार कशाच्या भरवशावर? फेब्रुवारी २०२४मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी आल्टोर या गुंतवणूक संस्थेने ती विकत घेतली.

आपल्याकडे बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. तो व्यवहार टिकला, कारण ते कपडे पुढे घेणारे गिऱ्हाईक बाजारात होते. युरोपीय संघात जानेवारी २०२५पासून जुने कापड वेगळे गोळा करणे बंधनकारक झाले आहे. ढीग वाढेल, पण गिऱ्हाईक आपोआप वाढणार नाही.

म्हणून 'रिसायकल होणारी जीन्स' असे लेबल लावणाऱ्या प्रत्येक ब्रँडला ग्राहकांनी आणि सरकारांनी एकच गोष्ट मागावी: येत्या पाच वर्षांत जुन्या कपड्यांपासून केलेले किती टन तंतू, कोणत्या भावाने घेणार, त्याचा करार दाखवा.