स्थितांबरातले टॉवर आणि रात्रीचा हिशेब

मोबाइलचा टॉवर जितका उंच तितका त्याचा पल्ला मोठा, हे तत्त्व टोकाला नेले की ते जमिनीपासून सुमारे 20 किलोमीटरवर, म्हणजे प्रवासी विमानांच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर जाऊन पोहोचते. ढग, पाऊस आणि वादळे ज्या थरात घडतात ते तपांबर तिथे खाली राहिलेले असते आणि त्यावरच्या स्थितांबरात, विशेषतः 18 ते 22 किलोमीटरच्या पट्ट्यात, वारे बहुधा सौम्य असतात. म्हणून सौरऊर्जेवर चालणारे मानवरहित विमान तिथे एकाच प्रदेशावर घिरट्या घालत ठेवून खालच्या वस्त्यांना इंटरनेट पुरवण्याचे प्रयत्न गेली पंचवीसएक वर्षे चालू आहेत. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो, त्यामुळे त्याच्याकडे संदेश जाऊन येण्यातच पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. 20 किलोमीटरवरच्या विमानाच्या बाबतीत हा विलंब जाणवण्याइतकाही नसतो, आणि विशेष म्हणजे नेहमीचा मोबाइल कोणत्याही जादा उपकरणाशिवाय त्याच्याशी जोडता येतो.

अडचण हवेची आहे. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे चौदाव्या हिश्शाइतकीच उरते, त्यामुळे विमान तरंगत ठेवायचे तर पंख अतिशय लांब आणि वजन अतिशय कमी ठेवावे लागते. ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या ‘झेफिर’ या विमानाच्या पंखांचा विस्तार 25 मीटर आहे, पण त्याचे वजन 75 किलोच्या आसपास, म्हणजे एका माणसाइतकेच आहे. चाकांचे वजनही परवडत नसल्यामुळे त्याला चाके नाहीत. उड्डाणाच्या वेळी जमिनीवरचे कर्मचारी ते डोक्यावर उचलून धरतात, वाऱ्याला सामोरे जात धावू लागतात आणि पंखांनी भार पेलला की हात सोडतात. तिथून स्थितांबर गाठायला त्याला कित्येक तास लागतात, आणि जो थर चुकवण्यासाठी एवढी उंची गाठायची त्याच तपांबरातून, अगदी मंद गतीने, वर जावे लागते. या कामातला खरा धोक्याचा काळ हाच.

उतरण्यातही तोच धोका असतो. फेसबुकचे ‘अक्विला’ हे 42 मीटर विस्ताराचे विमान 28 जून 2016 रोजी अ‍ॅरिझोनातील यूमा येथे पहिल्यांदा उडाले आणि दीड तासाहून अधिक काळ हवेत राहिले, परंतु जमीन अगदी जवळ आली असताना वाऱ्याच्या झोताने त्याच्या उजव्या पंखाचा टोकाकडचा भाग मोडला. दुसऱ्या उड्डाणापूर्वी पंखांवर उचल कमी करणाऱ्या झडपा बसवण्यात आल्या, आणि मे 2017 मध्ये ते खडी पसरून तयार केलेल्या जागेवर किरकोळ नुकसान सोसून उतरले. 2018 मध्ये कंपनीने स्वतः विमान बांधण्याचे काम थांबवले.

वर पोहोचलेल्या विमानाचे सगळे नियोजन रात्रीभोवती फिरते. पंखांवरच्या सौरघटांना दिवसा मिळालेल्या विजेतून पंखे फिरवायचे, बॅटऱ्या भरायच्या आणि उरलेल्या शक्तीवर शक्य तितकी उंची गाठायची. सूर्य मावळल्यावर ती उंची हळूहळू खर्च करत, बॅटरी पुरवत पुरवत पहाट गाठायची, असा हा क्रम असतो. दिवसा मिळवलेली उंची हीदेखील साठवलेली ऊर्जाच असते, आणि या विद्येतली सर्वांत सुंदर कल्पना हीच म्हणावी लागेल. मात्र याच बॅटरीतून रेडिओ उपकरणांनाही वीज द्यायची असते, आणि विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशात हिवाळ्यातली रात्र लांबली की हा जमाखर्च जुळेनासा होतो.

त्या मानाने रेडिओची बाजू केव्हाच सिद्ध झाली आहे. जमिनीवरच्या केंद्राकडून विमान माहिती घेते आणि खालच्या प्रदेशाचे भाग पाडून प्रत्येक भागाकडे स्वतंत्र रेडिओ-शलाका, म्हणजे ठरावीक दिशेने एकवटलेल्या लहरी, सोडते. विमान वळत असले तरी प्रत्येक शलाका आपल्याच भागावर टिकावी म्हणून अँटेना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सतत दिशा बदलत राहतो. जपानच्या सॉफ्टबँक समूहाचे ‘सनग्लायडर’ हे 78 मीटर विस्ताराचे विमान सप्टेंबर 2020 मध्ये न्यू मेक्सिकोत स्थितांबरात गेले, तेव्हा त्यावरील एलटीई उपकरणांमार्फत साध्या स्मार्टफोनवरून व्हिडिओ कॉल झाला आणि त्यात इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, सहभागी झाले होते.

तेव्हा अशा विमानांची पारख एखाद्या यशस्वी कॉलवरून न करता, ती सलग किती रात्री तग धरतात यावरून करायला हवी. ‘झेफिर’ने 2022 मध्ये 64 दिवस आणि 2025 मध्ये 67 दिवस सलग उड्डाण केले, ही निश्चितच मोठी कमाई आहे, पण अखंड सेवेसाठी एक विमान वर असताना दुसरे तयार ठेवावे लागेल आणि त्यांची पाळी प्रतिकूल हवामानातही चुकता कामा नये. दाट वस्तीच्या शहरात, जिथे फायबर घरापर्यंत पोहोचते, तिथे हा खटाटोप परवडणारा नाही. चक्रीवादळात किंवा भूकंपात टॉवर कोसळलेले जिल्हे, विखुरलेली बेटे आणि डोंगराळ पाडे हीच या विमानांची खरी जागा आहे, आणि तिथे दोन महिन्यांची सेवाही पुष्कळ आहे.