वेड की गणित? ‘मेशुगा’ ऐकणाऱ्यांचे दोन तट

एकाच खोलीत दोघांना ‘मेशुगा’चं गाणं ऐकवा. एक जण दहाव्या सेकंदाला म्हणेल, “बंद कर रे, कारखान्यात बसल्यासारखं वाटतंय.” दुसऱ्याची मान तोवर डोलायला लागलेली असेल. स्वीडनच्या या मेटल बँडबद्दल ‘ठीक आहे’ म्हणणारा माणूस विरळाच. तीस-पस्तीस वर्षं हा वाद पेटता आहे आणि त्यात दोन्हीकडच्या लोकांचं काही ना काही खरं आहे. कसं, ते बघू.

नावातच वेड

‘मेशुगा’ हा शब्द हिब्रूतून यिद्दिशमध्ये आला. अर्थ सरळ आहे : वेडा. बँड १९८७ मध्ये उमिओ या गावात सुरू झाला. स्टॉकहोमच्या उत्तरेला सुमारे ६०० किलोमीटरवर असलेलं हे विद्यापीठाचं गाव. ‘रिफ्यूज्ड’ हा गाजलेला हार्डकोर बँडही इथलाच.

पहिल्या हजार प्रती

१९८९ मध्ये मेशुगाची पहिली छोटी रेकॉर्ड निघाली. प्रती फक्त १०००, आणि विक्री गावातल्याच ‘गॅरेजलँड’ या रेकॉर्डच्या दुकानातून. तेव्हाचं त्यांचं संगीत वेगवान थ्रॅशच्या वळणाचं होतं. पुढे जे काही घडलं त्याचा अंदाज त्या हजार खरेदीदारांना येणं कठीणच होतं.

एक माणूस, दोन हिशोब

वादाचं मूळ ड्रमर टोमास हाकेच्या हातापायांत आहे. नीट बघा. उजवा हात झांजेवर साधे चार ठोके मोजतोय : एक, दोन, तीन, चार. डावा हात तिसऱ्या ठोक्याला स्नेअर ड्रमवर पडतो. इथपर्यंत कुणालाही पाय आपटता येईल. पण दोन्ही पाय, म्हणजे खालचे जाड आवाजाचे बास ड्रम, हातांचं ऐकतच नाहीत. ते गिटारच्या मागे धावतात, आणि गिटारची ओळ चारात न बसणाऱ्या, विषम लांबीची. म्हणजे कमरेच्या वर एक हिशोब आणि खाली दुसरा.

आता तुमचा कान कुठे लागलाय, त्यावर निकाल ठरतो. कान गिटारवर असेल तर सगळं अडखळत चालल्यासारखं वाटेल. कान झांजेवर असेल तर सगळं डुलायला लागेल.

कोथिंबिरीची कसोटी

हे घरी करून बघता येतं. चालायला लागा. दर चार पावलांना एक टाळी, पहिली टाळी पहिल्या पावलाला. त्याच वेळी एका पावलाला एक अक्षर असं म्हणत राहा : को-थिं-बि-री-ची, को-थिं-बि-री-ची. पहिली टाळी ‘को’वर पडेल. दुसरी ‘ची’वर, तिसरी ‘री’वर, चौथी ‘बि’वर, पाचवी ‘थिं’वर. विसाव्या पावलाला फेरा संपतो आणि एकविसाव्या पावलाला टाळी पुन्हा ‘को’वर येते. शब्द तोच आणि चालही तीच, पण टाळ्या ऐकाल तर शब्द उलटा चालल्यासारखा वाटतो.

मेशुगाची करामत हीच, फक्त त्यांची कोथिंबीर खूप लांब आणि वेडीवाकडी असते. ‘रॅशनल गेझ’ या गाण्यात गिटार आणि ड्रम असेच सुटतात आणि ६४ ठोक्यांनंतर पुन्हा एकत्र येतात.

तिहाई नाही, कात्री

आपल्याकडे तबलजी तिहाई घेतो तेव्हा आधीच हिशोब करून सुरुवात करतो, म्हणजे शेवटचा ‘धा’ नेमका समेवर पडतो. मेशुगाची रीत वेगळी. त्यांची विषम ओळ फिरत राहते आणि विभाग संपायची वेळ आली की शेवटचं आवर्तन सरळ कापलं जातं. सगळे एकदम पहिल्या ठोक्यावर हजर. ज्यांना मोजायची सवय आहे त्यांना ही कात्री मोठी गमतीची वाटते. ज्यांना नाही, त्यांना गाणं मध्येच ठेचकाळल्यासारखं वाटतं. जोनाथन पीस्लाक या अभ्यासकाने २००७ मध्ये ‘म्युझिक थिअरी स्पेक्ट्रम’ या संगीतशास्त्राच्या नियतकालिकात मेशुगाच्या लयीवर अख्खा लेख लिहिला, तो याच कोड्यांसाठी.

गिटार गेली बेसच्या घरी

नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात. २००२ च्या ‘नथिंग’ अल्बमसाठी मेशुगाने आठ तारांची गिटार करवून घेतली. ती वेळेवर साथ देईना, म्हणून सात तारांच्या गिटार आणखी खाली उतरवून रेकॉर्डिंग उरकलं. समाधान झालं नाही. म्हणून २००६ मध्ये आठ तारांवर गिटार पुन्हा वाजवून तोच अल्बम नव्याने काढला. त्यांच्या आठ तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४४ हर्ट्झवर लागते. साध्या गिटारची खालची तार ८२ हर्ट्झची आणि बेस गिटारची ४१ ची. म्हणजे ही गिटार बेसच्या अगदी उंबऱ्यावर.

‘नथिंग’मध्ये त्यांनी वेगही उतरवला. वेगावर प्रेम करणारे जुने चाहते इथे बिथरले. जडपणावर प्रेम करणारे नवे चाहते इथूनच जमा झाले.

एकीकडे एक गाणं, दुसरीकडे बाकी अल्बम

२००८ च्या ‘ऑबझेन’ अल्बममधलं ‘ब्लीड’ हे सात मिनिटांहून मोठं गाणं. त्यात पायांना जवळजवळ विश्रांतीच नाही. हाकेने सांगितलंय की अल्बममधल्या बाकी सगळ्या गाण्यांच्या सरावाला जितका वेळ गेला, तितका या एकट्या गाण्याला गेला. पाय चालवण्याची पद्धतच त्याला नव्याने बसवावी लागली. आज जगभरचे ड्रमर ‘ब्लीड’ला परीक्षेचा पेपर मानतात. नावडणाऱ्यांचा सवाल असतो, “व्यायाम म्हणून ठीक आहे, पण यात गाणं कुठे आहे?” त्यांना एकच सांगणं : पाय विसरा, झांज धरा.

ड्रम संगणकाचे, ठोके हाकेचेच

२००५ च्या ‘कॅच थर्टीथ्री’ अल्बमचे ड्रम संगणकावर रचलेले आहेत. “मग कौशल्य ते काय राहिलं?” असा ओरडा झाला. पण ज्या आवाजांतून ते रचले, ते ‘ड्रमकिट फ्रॉम हेल’ या संग्रहातले, आणि त्या संग्रहासाठी ड्रम वाजवणारा खुद्द हाके. पुढे २०१६ मध्ये ‘द व्हायलंट स्लीप ऑफ रिझन’ करताना बँडने उलटं टोक गाठलं : सगळ्यांनी स्टुडिओत एकत्र उभं राहून थेट वाजवलं.

ड्रमरच गीतकार

एवढा हिशोब सांभाळणारा हाकेच बँडची बहुतेक गीतं लिहितो. ती गातो येन्स किडमन. सुरुवातीला तो गिटारही वाजवायचा. १९९२ मध्ये मॉर्टेन हॅगस्ट्रॉम गिटारवर आला आणि किडमनने फक्त गाणं धरलं. हॅगस्ट्रॉम आणि हाके शाळेत असल्यापासून एकत्र वाजवत होते.

सर्वांत मोठी तक्रार किडमनच्या आवाजाबद्दल असते : चाल नाही, एकसुरी आहे, नुसती गर्जना. तक्रार रास्त आहे. तो आवाज चालीसाठी वापरलेलाच नाही, तो आणखी एक ड्रम आहे. चाल हवी असेल तर फ्रेडरिक थॉर्डेनडालचे गिटार सोलो ऐका. त्यावर जॅझ-फ्युजनचा गिटारवादक अॅलन होल्ड्सवर्थची छाप आहे. त्या लोखंडी ठोक्यांवरून ते धुक्यासारखे तरंगत जातात.

‘जेंट’चा जन्म

तळहाताने तारा दाबून छेडल्या की गिटारमधून ‘जेंट’ असा आवाज निघतो. मेशुगाच्या त्या आवाजावरून एका अख्ख्या संगीतप्रकाराचं नाव पडलं. अमेरिकेच्या ‘पेरिफेरी’सारख्या बँडनी तो प्रकार गाजवला आणि २०२३ मध्ये त्याच पेरिफेरीने अल्बमचं नाव ठेवलं ‘जेंट इज नॉट अ जॉनर’. म्हणजे हा संगीतप्रकारच नव्हे! हॅगस्ट्रॉमने तर या शब्दाबद्दल मुलाखतीत माफीच मागून टाकली आहे.

कौल काय सांगतो?

‘नथिंग’ २००२ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत १६५ व्या क्रमांकावर होता. दहा वर्षांनी ‘कोलॉस’ १७ व्या क्रमांकावर पोचला. २०१८ मध्ये ‘क्लॉकवर्क्स’ या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. इतकं अवघड संगीत घेऊन, सोपं न होता, इथवर येणारे बँड फार थोडे.

माझा कौल स्पष्ट आहे. मेशुगा अवघड आहे म्हणून मोठा नाही. त्या अवघडाखाली त्यांनी चार ठोक्यांची साधी वाट कायम उघडी ठेवली आहे, म्हणून तो मोठा आहे. तेव्हा नावडला असेल तर आणखी एक संधी द्या. ‘रॅशनल गेझ’ लावा, गिटारकडे दुर्लक्ष करा, झांज मोजा आणि तिसऱ्या ठोक्याला मान हलवा. ६४ मोजून झाल्यावर सगळे एकत्र येतात तो क्षण पकडा. तरीही नाही आवडलं तर खुशाल बंद करा. पण ६४ पर्यंत मोजाच.