प्रेशर स्विचची पुढची तारीख कोण ठरवतो?

कॅडेट मित्रांनो, मेसच्या मागच्या पंपघरात आग विझवण्याच्या पाइपलाइनवर तीन छोटे डबे बसवलेले आहेत. हे प्रेशर स्विच. नौदलात इंजिनरूममध्ये नोकरी केल्यावर आता हे पंपघर माझ्याकडे आहे, म्हणून अकरावीच्या काही कॅडेट्सनी मला विचारले, "सर, प्रयोगशाळेच्या सर्टिफिकेटवर पुढच्या कॅलिब्रेशनची तारीखच नाही. मग डब्यावरच्या चिठ्ठीवर ती आली कुठून?"

निरीक्षण अगदी बरोबर आहे. आपल्याकडच्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार काम करतात. ग्राहकाशी तसे ठरले नसेल, तर सर्टिफिकेटवर पुढच्या तारखेची शिफारस करायची नाही, असे ते मानक सांगते. कारण साधे आहे. स्विच कुठे बसणार, त्याला किती हादरे बसणार आणि तो चुकला तर काय होणार, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसते. ते वापरणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तारीख त्यानेच ठरवायची.

आधी आतली रचना पाहू. पाण्याचा दाब एका लवचीक पडद्यावर पडतो, पडदा स्प्रिंगला रेटतो आणि ठरलेल्या दाबाला आतला छोटा विजेचा स्विच 'टिक' करून पलटतो. स्प्रिंग किती आवळायची ते स्क्रूने ठरते. आपल्या लाइनमध्ये ७ किलो दाब असतो (पंपघरात 'प्रति चौरस सेंटिमीटर' कोणी म्हणत नाही). किरकोळ गळतीने तो ६ वर आला की छोटा जॉकी पंप सुरू होतो आणि ७ ला बंद होतो. खरी आग लागून होज उघडले की दाब झपाट्याने उतरतो. मग ५ ला मोठा विजेचा पंप सुरू होतो. वीजच नसेल, तर ४ ला डिझेल इंजिन सुरू होते.

काळ जातो तशी स्प्रिंग सैल पडते, पडदा कडक होतो, गंज आणि गाळ साचतो, व्हॉल्व्ह फटकन बंद केला की पाण्याचा दणका बसतो. पलटण्याचा बिंदू हळूहळू सरकतो. गेजचा काटा चुकला तर निदान डोळ्यांना दिसतो. स्विच मात्र काहीच दाखवत नाही. बिघडलेला आणि चांगला, दोन्ही बाहेरून सारखेच.

आता सांगा, तिघांपैकी कोणाची काळजी जास्त घ्यावी? बहुतेक जण जॉकीचा म्हणतात, कारण तो दिवसातून अनेकदा चालतो आणि झिजतो. पण जॉकीचा स्विच स्वतःची चुगली स्वतःच करतो. तो ६ ऐवजी ५ च्या खाली सरकला, तर विनाकारण मोठा पंप सुरू होतो आणि सगळ्या आवाराला कळते. डिझेलचा स्विच महिनोन्‌महिने गप्प असतो. तो चुकला आहे हे कळेल ते वीज गेलेल्या रात्री, आग लागल्यावर. म्हणून त्याची मुदत सर्वांत कमी. तिघांना सरसकट 'वर्षातून एकदा' लावणे मला पटत नाही.

मुदतीचा आकडा मात्र नोंदवहीतून काढायचा. नवा स्विच असेल तर सुरुवात एका वर्षापासून करावी. मुदत भरली की स्क्रूला हात लावण्यापूर्वी हातपंप आणि खात्रीच्या गेजवर दाब हळूहळू उतरवत तो कुठे पलटतो ते पाहायचे. असे तीनदा. गेज स्विचच्या परवानगीच्या चौपट तरी अचूक हवा. हे 'सापडले तसे' वाचन, आणि जुळवणीनंतरचे 'ठेवले तसे' वाचन. घाईत लोक थेट स्क्रू फिरवतात आणि दुसरेच वाचन लिहितात. मग वहीत वर्षानुवर्षे ४.००, ४.००, ४.०० दिसते आणि त्यातून काहीही कळत नाही.

उदाहरण घ्या. परवानगी ०.२ किलो वर-खाली. दरवर्षी ४.०० ला जुळवून ठेवलेला स्विच पुढच्या वर्षी ३.९५, मग ३.९६, मग ३.९४ ला सापडला. म्हणजे वर्षाला साधारण ०.०५ सरकतो. मुदत दीड वर्ष केली तरी हरकत नाही. पण ३.८७ ला सापडला, तर निम्म्याहून जास्त परवानगी संपली. मुदत सहा महिने करा. ३.७ ला सापडला, तर नुसती मुदत कमी करून भागत नाही. गेल्या वर्षात किती दिवस आपण चुकीच्या भरवशावर झोपलो, तेही विचारावे लागते. आणि एकाच बैठकीत ४.१०, ३.८८, ४.०६ अशी वाचने आली, तर कॅलिब्रेशनच्या भानगडीत पडू नका. तो स्विच बदला.

चिठ्ठीवरची तारीख दूर असली तरी काही प्रसंगी थांबायचे नसते: लाइनमध्ये जोराचा दणका बसला, पंपघरात पाणी शिरले, किंवा दुरुस्तीसाठी कोणी डबा उघडला, तर लगेच तपासणी.

एक गोष्ट मात्र टेबलावर कळत नाही. स्विच अचूक असूनही त्याच्याकडे येणारी बारीक नळी गंजाने तुंबलेली असू शकते, किंवा काम संपल्यावर तिचा व्हॉल्व्ह बंदच राहिलेला असू शकतो. म्हणून स्विच परत बसवला की मी जॉकी आणि विजेचा पंप बंद ठेवतो, ड्रेन उघडतो आणि गेजकडे पाहत उभा राहतो. काटा ४ वर आला आणि डिझेल इंजिन धडधडले, की मगच चिठ्ठीवर सही करतो.